जवळा रंगवणारी मारिसेल

कागदावर सही करण्यापूर्वी मारिसेल तो मला मोठ्याने वाचायला लावी आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारी. पटला नाही, की म्हणे, "अजून मुरला नाही हा कागद, कुया." कुया म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. कुवेतमधील फरवानियात मी अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहितो आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या मसुद्यावर शंका घेणारी ही पहिलीच.

ती फिलिपिन्सची, सलवातील एका घरी स्वयंपाकाला होती. आता मायदेशी परतली आहे. बासमतीच्या रिकाम्या कापडी पिशव्यांवर ती एकाच पदार्थाची चित्रे काढी: बागूंग. बारीक कोळंबीला, म्हणजे आपल्या जवळ्याला, मीठ चोळून बरणीत मुरवतात, तो हा पदार्थ. मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. जवळ्याचे मला नवल नव्हते, चित्रांचे होते.

"जवळा खायचा असतो, बाई. भिंतीवर कशाला?"

"खाल्ला की संपतो, कुया. आई तो कसा करते, हे कुठे राहतं?"

तिच्या गाववाल्यांनी हवल्लीतील एका सभागृहात शुक्रवारी चित्रे मांडायचे ठरवले. मारिसेलला शुक्रवारची सुट्टी नसे. ज्या घरी ती कामाला होती, तिथल्या मॅडमची परवानगी मिळाली नाही, तर चित्रे पेटीतच राहणार होती. मी अरबीत अर्ज लिहिला: आई अत्यवस्थ असून तिच्यासाठीच्या प्रार्थनेला जायचे आहे. आजारपणावाचून अर्ज उभा राहत नाही, हा माझा अनुभव.

अर्थ ऐकून तिने पेन खाली ठेवले. "आई ठणठणीत आहे. कालच मला ओरडली."

"रजा हवी की नको?"

"हवी. पण चित्रात ती गुडघाभर पाण्यात उभी आहे, जाळं धरून. तिला मी आजारी पाडू?"

"मग लिहू काय?"

"जवळा लिही."

मी लिहिले: जवळा, मीठ, आई, चार तास. असा अर्ज माझ्या हातून प्रथमच झाला, आणि तो नामंजूर होणार याविषयी मला संशय नव्हता.

शुक्रवारी केवळ कुतूहलाने गेलो. मारिसेल तिथे होती. तिला गाडीतून सोडायला आलेल्या मॅडमही परतल्या नव्हत्या, बरणीच्या चित्रापुढे उभ्या राहून विचारत होत्या, "तुझी आई मीठ किती घालते?"

मारिसेलला सांगता येईना. तिने तिथूनच आईला स्पीकरवर फोन लावला. आई सांगे, मारिसेल मोडक्या अरबीत तेच पुढे करी, आणि मॅडम बोटांवर मुठी मोजत. मी खांबाआड सरलो. माझ्या पहिल्या अर्जातील त्या अत्यवस्थ बाईचा आवाज सभागृहाच्या पार टोकापर्यंत खणखणीत पोचत होता.