फ्रिजचा अंगरखा

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे थंडोबा म्हणत. चाळीस वर्षांत त्याने कुणावर आवाज चढवला नव्हता. त्याच्या पिशवीत मात्र पाना शोधायला हात घातला की आधी अर्धं बिस्किट हाती यायचं. थोरल्या बहिणीचं घर याच्या अगदी उलटं. माशीनंसुद्धा पाय पुसून आत यावं, असं लख्ख.

एका दुपारी ताईचा फोन आला. "अरे, माझा फ्रिज मेला. आत इन्सुलिन आहे!"

त्यांच्या आईचे डोळे साखरेच्या आजाराने गेले होते. तोच आजार ताईलाही जडल्यापासून ती इन्सुलिनच्या बाटल्यांना जिवापाड जपे. हा चहा टाकून धावला. बाटल्या चाचपल्या. अजून गार होत्या, पण फार वेळ राहणार नव्हत्या. मग त्याने मागच्या जाळीकडे हात सरकवला आणि चटका बसून मागे घेतला. फ्रिज भिंतीला चिकटवलेला, आणि वर जमिनीपर्यंत लोळणारा जाड, फुलाफुलांचा अंगरखा!

"ताई, हे काय?"

"धूळ बसते. परवाच शिवला."

"अगं, मेला नाही, गुदमरलाय. फ्रिज थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उपसून मागे टाकतो. स्वतः राबतो त्याची उष्णता आणखी वर. ती जाणार कुठे?"

"मग मागे न तापणारा आण."

"तसा अजून जन्मला नाही. उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडेच जाते. उलटी न्यायची तर राबावं लागतं. पसाऱ्याचंही तेच. तो आपोआप होतो, आवरायला घाम गाळावा लागतो."

"तुझ्याकडे कुणी गाळत नाही वाटतं."

"आणि आवरलेला केर नाहीसा होतो का? बाहेरच जातो ना? आत जेवढं आवरावं, त्याहून जास्त पसारा बाहेर होतो. जगात कुठेही बघ."

त्याने अंगरखा उतरवला आणि फ्रिज वीतभर पुढे ओढला. मग दोघं त्याच्यासमोर बसून राहिली, दवाखान्यात आजाऱ्याजवळ बसावं तशी. ताई दर दहा मिनिटांनी उठायची.

"सारखं दार उघडू नकोस. बाहेरची उष्णता आत घेतेस, त्याला पुन्हा उपसावी लागते."

संध्याकाळी आतल्या थर्मामीटरवर पाच अंश दिसले. ताईने बाटल्या गालाला लावून पाहिल्या, मग डोळे पुसले.

"पण ही फट किती वाईट दिसते रे!"

"दिसू दे."

ताईने केरसुणी आणून फटीतली धूळ तेवढी काढली, आणि फ्रिज होता तिथेच राहू दिला.