आईंची टेस्ट आणि मी वाजवलेलं दार

एक्स-रे मशीनसमोर बसून माझ्या सासूबाईंना शी होईना, कारण हॉस्पिटलातली माणसं फार चांगली होती.

आज आईंना जाऊन वर्ष झालं, आणि मला सकाळपासून तेच आठवतंय.

कुणी नाक मुरडू नका. मी काही गुपित फोडत नाहीये. ही गोष्ट त्यांनी स्वतः पुतणीच्या साखरपुड्यात भर पंगतीत सांगितली होती, वाढप्याच्या हातात श्रीखंडाचं पातेलं असताना.

आईंना बरेच दिवस त्रास होता. संडासला बसलं की खाली काहीतरी उतरतंय असं वाटायचं. तासतास बसायच्या, तरी साफ नाही. कधी कधी हाताने आत ढकलावं लागायचं.

हे मला सांगायला त्यांनी दोन गणपती घालवले.

एक डॉक्टर झाले, दुसरे झाले. टेबलावर झोपवून तपासलं की सगळं नॉर्मल. कॅमेऱ्याची तपासणीसुद्धा नॉर्मल. मग इसबगोल घ्या, पपई खा, पाणी प्या. एकाने तर टेन्शनची गोळी दिली.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "मनाचे खेळ आसत तुझे. चाळ पाडून टॉवर झालो आणि तुझी नाटकां सुरू झाली."

आईंचं भजन बंद झालं. कणकवलीला भावाकडे जाणं बंद. एवढा प्रवास, मध्येच खाली उतरलं तर काय, ही भीती. एरवी कोळणीशी मनसोक्त भांडणारी बाई घरात गप्प बसून राहायची. मला ते बघवायचं नाही.

शेवटी मुलुंडच्या एका सर्जन बाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "झोपून हे दिसणारच नाही. बसून, जोर करताना बघायला हवं. डिफेकोग्राफी करून घ्या."

म्हणजे काय, तर मागून घट्ट पेस्ट भरतात, कमोडवर बसवतात आणि तुम्ही ती बाहेर काढताना बाजूने एक्स-रेचा व्हिडिओ घेतात.

आई म्हणाल्या, "ह्या शेवटचा. ह्यात पण काय नाय दिसला, तर माका परत खंयच्या डॉक्टराकडे नेव नको."

टेस्टच्या दिवशी सगळे झकास वागले. पडदा होता, लाइट मंद, टेक्निशियन पण बाईच. रेडिओलॉजिस्ट मुलगी तर इतकी गोड, काचेमागून सारखी म्हणत होती, "आजी, टेक युअर टाइम. काही घाई नाही."

आणि आईंना काही होईना.

पेस्ट आत, आई कमोडवर, मशीन तयार, सगळे गप्प.

बऱ्याच वेळाने डॉक्टर माझ्याकडे आली. "नाहीच झालं तर आज थांबवावं लागेल."

 आज थांबलं म्हणजे कायमचं थांबलं, हे मला माहीत होतं.

तेवढ्यात पडद्यामागून आईंची हाक. "नीता, तू भायर जा आणि दार वाजव."

"कशाला आई?"

"हय सगळी गप बसली आसत. अशा शांततेत माका कधी झाला हा काय? चाळीत भायर लाइन असायची. कोण तरी आरडल्याशिवाय माका होणा नाय."

बाईंचा अख्खा संसार चाळीत गेलेला. मजल्यावरचे कॉमन संडास, बाहेरची कडी वाजवणार, आतली ओरडून उत्तर देणार, हीच पद्धत.

डॉक्टरने एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "ट्राय करायला काय हरकत आहे?"

मग मी, बँकेतली असिस्टंट मॅनेजर, हाफ डे टाकून आलेली, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभी राहून दारावर थाडथाड हात मारायला लागले. "अहो आवरा की. किती वेळ? बाकीच्यांनी काय करायचं? पाणी जाईल आता."

बाकड्यावरचे पेशंट दचकले. एक आजोबा समजुतीने म्हणाले, "मॅडम, पलीकडे दुसरं टॉयलेट आहे." सिक्युरिटीवाला धावत आला. त्याला म्हटलं, "भैया, टेस्ट चालू है," आणि परत वाजवायला लागले.

आतून आईंचा आवाज आला, अगदी पूर्वीसारखा खणखणीत. "इलंय गो, जरा दम धर. एवढी घाई होती तर काल येवचा होता."

आणि झालं.

नंतर डॉक्टरने त्यांना स्क्रीनसमोर बसवलं. "हे बघा आजी. जोर केला की आतडं स्वतःच्याच आत दुमडतंय. शर्ट काढताना बाही आत जाते ना, तसं. आणि शेवटी बघा, ते बाहेरच येतंय. तुम्ही सांगत होतात तेच आहे हे."

आई म्हणाल्या, "परत दाखवा."

परत दाखवलं. मग म्हणाल्या, "आता ह्यांका बोलवा."

अण्णा खाली कॅन्टीनमध्ये बसले होते; वर येऊन त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. त्या करड्या चित्रातलं त्यांना किती कळलं देव जाणे. पण म्हणाले, "म्हणजे ह्या खरा होता."

आई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

ऑपरेशन झालं. आतडं वर ओढून टाक्यांनी बसवलं. आई कणकवलीला जाऊन, भावाशी भांडून, फणस घेऊन परत आल्या.

मग बिल्डिंगमधल्या बायकांना जिन्यात गाठून विचारायला लागल्या, "तुझा पण खाली उतरता काय? लाजू नको, त्याचो फोटो निघता." दोघींना मीच टेस्टला घेऊन गेले. त्यांच्यासाठी दार वाजवावं लागलं नाही.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी, भाकरी थापता थापता आई म्हणाल्या, "माका बरा वाटणा नाय."

एवढंच.

अण्णांनी काय होतंय, कुठे होतंय, काही विचारलं नाही. शर्ट चढवला आणि रिक्षा आणायला खाली गेले.

अटॅक मोठा होता. हॉस्पिटल गाठलं, पण आई राहिल्या नाहीत.

रिक्षात मात्र त्या शुद्धीवर होत्या. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्यांचा हात घट्ट धरून अण्णा. घाम पुसत होते मी, तर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या,

"बघलंस गो? आज ह्येनी इचारल्यानी पण नाय."

आणि खुशीत हसल्या.

आई, तुम्हाला मनापासून नमस्कार.

तुमची नीता