कानसेनचं मुकं यंत्र

यंत्राने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत म्हणत वाचककाका पुढे गेले, आणि शेवटच्या 'हो'ला स्टुडिओतल्या कॉम्प्युटरची वाचाच बसली.

काका म्हणजे बोलक्या पुस्तकांच्या स्टुडिओत हौसेने वाचायला येणारे निवृत्त नट. सध्या त्यांच्या आवाजात एका कादंबरीचं ध्वनिमुद्रण चालू होतं. उभी हयात खलनायक रंगवण्यात गेली, त्यामुळे दर चार वाक्यांनी घसा खाकरायची सवय. हे खाकरणं ध्वनिमुद्रणातून आपोआप पुसून टाकणारा एक प्रोग्राम असतो, असं त्यांनी कुठूनसं ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी बघून तो स्वतःच कॉम्प्युटरमध्ये टाकला. लिहिलेलं वाचून ज्याने नाव कमावलं, त्या माणसाने यंत्राचा एक प्रश्न म्हणून धड वाचला नाही. नाटकात समोरच्याने काहीही विचारो, आपलं वाक्य ठरलेलं असतं ना, तसलाच प्रकार.

आणि यंत्र कुणाचं? कानसेनचं. कानसेन हा स्टुडिओचा तंत्रज्ञ. लहानपणी तापात त्याची दृष्टी गेली आणि तेव्हापासून सगळा कारभार कानांकडे आला. थोरल्या ताईने मोडक्या टाइपरायटरवर त्याची बोटं धरून अक्षरं गिरवून घेतली. पुढे तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागला. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा इथे आला. बायकोच्या चपलांच्या आवाजावरून आज घरात लगेच शिरावं की कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारून यावी, हे तो ठरवतो. कॉम्प्युटर चालवायला त्याने लिनक्स धरलं तेही कानांच्याच सोयीने. "त्याला लिहून सांगितलं की ते लिहून उत्तर देतं," तो म्हणे, "आणि लिहिलेलं मला ऐकता येतं." पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचून दाखवणारा एक आवाज त्याने त्यात बसवला होता. त्या आवाजाचा वेग असा, की इतरांना वाटावं कुणी डब्यात वाटाणे खुळखुळवतंय. बायको म्हणायची, "मी जरा भरभर बोलले की ह्यांचं डोकं दुखतं. ते यंत्र बोललं की कसे टवटवीत होतात!"

तोच आवाज आता गेला होता. आणि वेळ वाईट होती. स्टुडिओ चालवणाऱ्या संस्थेच्या चिटणीसबाईंनी गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, "हे यंत्र आता एकदा जरी अडलं, तरी मी सरळ चित्रांवर बोट ठेवून चालणारं नवं घेणार आणि ते चालवायला डोळे असलेला माणूस ठेवणार." त्या नव्या यंत्राचा विक्रेता ते दाखवायला उद्या यायचा होता. बाई आज चहाच्या वेळेला.

कानसेन जेवून आला, खुर्चीत बसला, एक कळ दाबली. शांतता. दुसरी दाबली. शांतता.

"काका, काय केलंत?"

"मी? काही नाही."

"हे 'काही नाही' करायला किती वेळ लागला?"

काकांनी एका दमात सगळं ओकून टाकलं.

कानसेन चिडला नाही. त्याने बाह्या सारल्या. "पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा."

काकांनी घसा साफ केला आणि पल्लेदार आवाज लावला. "'चूक!' म्हणतंय. मग एक... खिन्न अशी रेघ. पुढे बरंच काही आहे, पण एकूण यंत्र दुखावलेलं दिसतं."

"भाव नकोत काका, अक्षरं द्या. रेघ कशी आहे? उभी? आडवी? कललेली?"

"कललेली. डावीकडे."

"वरून डावीकडे की खालून?"

"म्हणजे माझ्या डावीकडे की तिच्या?"

कानसेनने हात जोडले. "राहू दे. मी त्यालाच विचारतो."

"त्याला वाचा कुठाय?"

"वाचा नाही, पण जबडा आहे ना." कॉम्प्युटरला सीडी ठेवायचा सरकता कप्पा होता. कानसेनची बोटं कळफलकावर धावू लागली. "मी लिहितोय, जागा असशील तर कप्पा उघड."

खर्रर्र. कप्पा बाहेर आला. काका दचकून भिंतीला टेकले. मग मात्र खुर्ची ओढून पुढे सरसावले.

"वाचून दाखवणारा प्रोग्राम जागेवर आहे का? असेल तर उघड."

काकांनी कप्पा आत ढकलला. खर्रर्र. आहे.

"चालू आहे का?"

खर्रर्र. आहे.

"कुणी आवाज बंद करून ठेवलाय का?"

कप्पा ढिम्म. म्हणजे नाही.

"अरे, मग सगळं ठाकठीक असून हे बोलत का नाही?" काकांना आता भीतीपेक्षा उत्सुकता जास्त छळत होती. "रुसलंय का?"

कानसेनने स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला. आत बारीक गुणगुण होती. वीज येत होती. तो नुसताच बसून राहिला. काकांना शांतता कधी सोसली नाही, म्हणून त्यांनी किस्सा काढला. "एकदा प्रकाशयोजनेत घोटाळा झाला आणि अंधारात मी अख्खं स्वगत मागच्या पडद्याकडे तोंड करून म्हटलं. जीव तोडून म्हटलं रे! पण प्रेक्षकांना वाटलं, हा वाक्यं विसरला."

कानसेन ताठ झाला. "काय म्हणालात? तोंड कुठे होतं?"

"मागे."

"काका, हे गप्प नाहीये. हे भलतीकडे तोंड करून बोलतंय!" बोटं पुन्हा धावली. "आवाज स्क्रीनच्या तारेत जातोय का? जात असेल तर उघड."

खर्रर्र.

बिचारं दुपारभर बडबडत होतं, पण स्क्रीनमध्ये. आणि त्या स्क्रीनला स्पीकरच नव्हता. नव्या प्रोग्रामने 'आवाज इकडून काढू का?' असं विचारलं असणार आणि काका 'हो' म्हणाले असणार. कानसेनने एक ओळ लिहून आवाजाचं तोंड वळवलं. दुसऱ्याच क्षणी डब्यातले वाटाणे खुळखुळले. कानसेनच्या खांद्यांतला ताण उतरलेला काकांनी डोळ्यांनी पाहिला.

तेवढ्यात चिटणीसबाई दारात. "मघाशी कुणीतरी म्हणालं, यंत्र बंद पडलंय?"

"बंद नव्हतं, बाई. भलतीकडे बोलत होतं."

"आणि न दिसता, न ऐकता तुम्हाला कळलं कसं?"

कानसेनने कप्पा उघडून दाखवला. बाईंनी तो स्वतः ढकलून बंद केला, पुन्हा उघडायला लावला, पुन्हा ढकलला. मग म्हणाल्या, "विचारा, चिटणीसबाई प्रेमळ आहेत का?"

कानसेनने लिहिलं. कप्पा जागचा हलला नाही.

"यंत्राला अजून तुमची ओळख नाही," कानसेन म्हणाला. बाई खळखळून हसल्या. "बरं बाबा, त्या विक्रेत्याला उद्या येऊ नको म्हणून कळवते. पण ह्याचं तोंड फिरवलं कुणी?"

काकांनी छताकडे पाहिलं.

"नवं काही टाकलं की होतं असं," कानसेन म्हणाला.

बाई गेल्या. पावलं जिन्यात विरेपर्यंत काका थांबले; मग खलनायकाचा आवाज जितका मऊ होऊ शकतो तितका मऊ करून म्हणाले, "तुझी खुर्ची जाणार होती रे माझ्यामुळे. मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"अर्धी कादंबरी वाचायची राहिलीये काका, ती संपली की घेतो."