बुंदीची पुढची दहा नखं

रविवारपर्यंत बुंदी मांजरीची नखं निघाली नाहीत तर तिला नेऱ्याला मित्राच्या फार्महाऊसवर सोडून येणार, असं अंकुशनं बुधवारी जेवताना सांगितलं आणि त्याच्या बापाच्या, दिनानाथांच्या, पायाला भिंगरी लागली. पोराचंही चुकत नव्हतं म्हणा. त्याच्या आईला, गोदाबाईंना, हृदयाच्या दुखण्यापायी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. मांडीवरून उडी मारताना मांजरीचं नख पोटरीत रुतलं, तर रक्त तासभर थांबेना. तळोज्याच्या कारखान्यातून अंकुश पाळी अर्धी टाकून धावत आला होता. पण ही मांजर चौथ्या मजल्यावर वाढलेली, तिनं माती पाहिलेली नाही. तिला नेऱ्याला सोडायची म्हणजे कुत्र्यांच्या तोंडी द्यायची. आणि गुडघ्यांनी घरात डांबलेल्या गोदाबाई दिवसभर बोलायच्या त्या बुंदीशीच. नवऱ्याशी बोलण्यासारखं चाळीस वर्षांत सगळं बोलून झालं होतं.

"डॉक्टरकडे नेऊन कापून आणू का?" सुनेनं, भावनानं, विचारलं.

"न्हाव्याच्या घरात मांजराच्या नखाला डॉक्टर? मी काढतो," दिनानाथ म्हणाले.

म्हणणारच. पनवेलच्या कापड बाजारामागं पंचेचाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस. नवरदेवाची नखं काढायला आळीत यांनाच बोलावणं यायचं. गुरुवारी दुपारी त्यांनी कपाटातून हत्यारांची धोकटी काढली, धोकटीतून नराणी, म्हणजे नखं काढायचं ते छोटं पोलादी पातं. बुंदीला काखेत दाबलं आणि गिऱ्हाइकाचं काढावं तसं नख थेट मांसापर्यंत साफ उतरवायला गेले. व्हायचं तेच झालं. पंजातून रक्ताचा थेंब आला, बुंदी किंचाळली, दिनानाथांच्या मनगटावर चार रेघा ओढून पलंगाखाली गेली.

"हलली ती," दिनानाथ म्हणाले.

"ती नाय हलली," गोदाबाई म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

संध्याकाळी नाक मुठीत धरून दिनानाथ जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलेच. खुर्चीवर बसले नाहीत, उभ्या उभ्याच विचारलं. बाई तरुण होती, पण हसली नाही, हे तिचे उपकार.

"बाहेर हिंडते का मांजर?"

"उंबऱ्याबाहेर नाही."

"मग कापलेली बरी. बाहेर हिंडणारीची मी सहसा राहू देते, तिला झाडावर चढायला लागतात. घरातलीची झिजत नाहीत, वळून पंजात रुततात." तिनं दवाखान्यातल्या बोक्याचं बोट वरून-खालून हलकेच दाबलं. नख आपसूक बाहेर आलं. "आत गुलाबी दिसतंय? ते जिवंत. तिथं रक्त असतं. त्याच्या बरंच पुढचं टोक तेवढं उडवायचं. गुलाबी दिसलं नाही तर अगदी शेंडाच. जेवून पेंगली असेल तेव्हा घ्या, दोन-चार नखं झाली आणि पाय ओढायला लागली की सोडून द्या. काखेत दाबायचं नाही. रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लॉर दाबून धरा. मागची हळू वाढतात, आधी पुढची दहा बघा."

आपण तिला काखेत दाबलं होतं हे हिला कसं कळलं, या विचारानं दिनानाथ अर्धा रस्ता कासावीस झाले. ओरखडलेलं मनगट उघडं होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

शुक्रवारी दुपारी बुंदी सुकट खाऊन गोदाबाईंच्या मांडीवर पेंगली. दिनानाथांनी नवी छोटी कात्री घेतली, बोट दाबलं, नख बाहेर आलं, गुलाबी रेघ स्वच्छ दिसली. आणि कात्रीची टोकं एकमेकांवर वाजायला लागली, टक टक टक. मांजर दगडासारखी निपचित होती. हात थरथरत होता. दोन वर्षं थरथरत होता. गुडघे दुखतात म्हणून दुकान विकलं असं त्यांनी गावभर सांगितलं होतं, बायकोलासुद्धा, आणि गुडघ्याला तेल चोळून घेण्याचं नाटकही केलं होतं.

"आज ती तयार नाही," म्हणत ते उठले.

शनिवारी तर प्रश्नच नव्हता. "शनवारी नखं काढायला आलेली गिऱ्हाइकं तुमीच परत पाठवायचे," गोदाबाईंनी सुनावलं. दिनानाथ गॅलरीत जात, परत येत, पाणी पीत, पुन्हा गॅलरीत. केरसुणीच्या काड्या कापून पाहिल्या. दहातल्या सात भलत्याच जागी तुटल्या. कपडे वाळत घालता घालता भावना ते बघत होती. त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

रविवारी सकाळी दहाला अंकुश रात्रपाळीवरून आला आणि भोकं पाडलेलं खोकं पुढ्यात ठेवलं. गोदाबाईंनी बुंदीवर पदर ओढला. तेवढ्यात भावना हात पुसत आली. मांजरीला ती लग्नापासून भ्यायची, तरी सासऱ्यांपाशी येऊन बसली.

"तात्या, तुम्ही बोट दाबून धरा. कुठं कापायचं ते सांगा, मी कापते."

म्हणजे हिला कळलं होतं. दिनानाथांना वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी. त्यांनी गोदाबाईंच्या पदराकडं पाहिलं, खोक्याकडं पाहिलं, आणि कात्री सुनेच्या हातात दिली.

"अंगठा वर. घाई नको. गुलाबीच्या पुढं. अजून पुढं. हां, आता."

टोक तुटलं. बुंदीनं कान हलवला, बस. चार झाल्यावर ती उठून गेली, कुणी धरलं नाही. तासाभरानं स्वतःच मांडीवर परत आली, तेव्हा उरलेली घेतली. अंकुश खोक्यापाशी उभा होता तो खाली बसला, मग तिथंच भिंतीला टेकून झोपला. दुपारी दीडला दहावं नख झालं. गोदाबाईंनी पंजा आपल्या पोटरीवर दाबून पाहिला.

"लागत नाय," त्या म्हणाल्या.

भावना मात्र उठेना. बोट दाबून धरलेला सासऱ्यांचा डावा हात सकाळपासून तिच्या डोळ्यांसमोर होता. त्याची नखं वाढलेली, कुठं मोडकी, कुठं चुकीच्या जागी कापून कड लाल झालेली. तिनं आतून घरातलं नेलकटर आणलं आणि समोर बसली.

"तात्या, हात द्या."

"मी काढतो माझी," दिनानाथ म्हणाले. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे हात हातात घेतले होते, आपला कुणाला दिला नव्हता.

"द्या की," गोदाबाई हळूच म्हणाल्या. "मलापन ठाऊक हाय."

त्यांनी हात पुढं केला. तो थरथरत होता, आणि त्यांनी तो तसाच राहू दिला.