शिळेवर शीळ

आमच्या वडनेर भोलजीच्या शीळबुवांनी शीळ घातली की नाल्याचं वाहतं पाणी थबकून मागे वळून पाही. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. पण इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता खोटं म्हणायची सोय उरलेली नाही.

पाण्यावर नेलेल्या बैलाला मालकानं शीळ घालायची आणि बैलानं त्या सुरावर पाणी ओढायचं, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही. बुवा मात्र माणसालाही शीळ घालत. ते मुतखड्याचं औषध देत, बैलाला आणि मालकालाही. ओसरीवर एकाच पातेल्यात कुळथाचा काढा उकळे. बैलाला तो बांबूच्या नळीनं मिळे, मालकाला पितळी पेल्यानं, एवढाच काय तो भेद. मग पाण्याचा पेला हातात देऊन बुवा समोर बसत आणि पेला रिकामा होईस्तोवर शीळ घालत. भल्याभल्या पागोटेवाल्यांना मी तिथे मान खाली घालून पाणी पिताना पाहिलं आहे.

"गोटा काही कोनी पोटात टाकत नाही, भाऊ," ते म्हणत. "हंड्याले खार चढते का नाही? पानी कमी पडलं का तसाच अंदर जमते."

मी हे शंभरदा ऐकलं आणि शंभरदा हसलो. तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले, आणि माझ्या डोक्याचा कारभार कुठून चाले ते मलाही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे पाखऱ्या नावाचा गोऱ्हा होता. त्याला शंकरपटात, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीत, पळवायचं आणि धुरकरी म्हणून गाडीवर मीच बसायचं, असं ठरलं होतं. मी शास्त्र काढलं: पोट हलकं तर पाय हलके. पाखऱ्याला कापसाच्या जिनातली सरकी घमेल्यानं आणि पाणी दिवसातून एकदाच. धुरकरीही हलका हवा, म्हणून मलाही दिवसाला एकच तांब्या.

पट आठ दिवसांवर आला आणि पाखऱ्याची लघवी बंद झाली. तो पाय ताणून, शेपटी उचलून कुंथायचा, थेंबही पडायचा नाही. दात खायचा, पोटावर लाथा मारायचा. त्याच सकाळी माझ्या कुशीत अशी कळ आली की मी गोठ्यातच त्याच्याशेजारी आडवा झालो. आई दारातून म्हणाली, "घ्या. जोडी जमली."

सरकारी ढोर-डॉक्टर दौऱ्यावर होता. बुवा आले आणि सरळ बैलाकडे गेले.

"बुवा, आधी मले पाहा ना."

"तू बोंबलून राह्यला, म्हनजे तुले टाइम हाय. तो मुका हाय." त्यांनी पाखऱ्याला चाचपलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "वाट पुरी बुजली. आता याले पानीबी नाही पाजाचं. पिशवी फुटली का बैल गेला."

मी कळ विसरलो. त्या जनावराला मी वासरू असल्यापासून वाढवलं होतं, आणि आता माझ्याच शास्त्रानं मारायला घेतलं होतं. चौघांनी त्याला पाडलं. बुवांनी उकळलेल्या वस्तऱ्यानं बोटभर चीर दिली आणि तुरीच्या दाण्याएवढा खडा काढला. पुढे पटावर सांगताना मी तो सुपारीएवढा केला, हल्ली तो लिंबाएवढा असतो. मग जी धार लागली ती पिंपळगाव राजाच्या वेशीपर्यंत गेली. खरं तर ती बुवांच्या धोतरापर्यंतच गेली, पण बुवा हसले आणि मी रडलो.

"खडा निंघाला, पन तुयी अक्कल अजून अंदरच हाय," धोतर पिळत ते म्हणाले. "सरकी बंद. जखम भरू दे, पन दिवसातून चारदा पानी दाखोव. अन् शीळ तूच घालाची."

आता आली पंचाईत. मला शीळ येत नव्हती. ओठ चंबू करून फुंकलं की फुटक्या पुंगीसारखी नुसती हवा निघे. पाखऱ्या हौदातून मान वर काढून, मैफिलीत चुकून शिरलेल्या बेसूर गवयाकडे पाहावं तसा माझ्याकडे पाही.

"तो म्हनून राह्यला, वस्तरा पुरला, पन हे गानं नको," बुवा म्हणाले. तरी त्यांनी स्वतः शीळ घातली नाही. आठव्या दिवशी पाखऱ्याला बहुधा माझी कीव आली. तोवर तो शीळ थांबली की मगच प्यायचा, त्या दिवशी शिळेवर प्यायला.

माझ्यावर मात्र बुवांची शीळ आणि कुळथाचा काढा दोन्ही चालू होते. तिसऱ्या दिवशी माझाही खडा पडला, बाजरीच्या दाण्याएवढा. एवढ्याशा ऐवजासाठी मी आईला शेत कुणाला द्यायचं ते सांगून ठेवलं होतं.

पट हुकला. पाखऱ्यानं पुढे कितीतरी वर्षं औत ओढलं आणि ओढता ओढताच म्हातारा झाला. माझ्याआधी शहाणाही झाला.

बुवा गेले ते अंथरुणाला खिळून. शेवटी शेवटी पाणी घेईनात. मुलं, सुना सगळे पेला लावून थकले, ते ओठ मिटून पडलेले. मी उशाशी बसलो, पेला ओठांना लावला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून ओठ चंबू केले. तीच फुटकी पुंगी वाजली.

बुवांनी एक डोळा उघडला. "अजून बेसूरच हाय बे," ते म्हणाले, आणि घोट घोट प्यायले. पेला रिकामा झाला, तरी मला शीळ थांबवता येईना.