जिना आवडणारी माणसं

तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टशेजारची पाटी तुम्ही शेवटची कधी वाचलीत?

आमच्या सोनिवलीच्या बिल्डिंगमध्ये लिहिलंय, 'टोपलीवाल्यांनी जिना वापरावा.' बारवी धरणाकडच्या एका वाडीतून रानभाजी घेऊन येणाऱ्या मावशी म्हणूनच सहा मजले चढतात. परवा बेल वाजली तशी माझी पाच वर्षांची भाची दाराकडे पळता पळता मला म्हणाली, "आत्तू, वाडीतल्या लोकांना ना जिना आवडतो. त्यांचे पाय दुखतच नाहीत."

मी थक्क झाले. आनंदनगरच्या कारखान्यांच्या गेटवर समतेची पत्रकं वाटणाऱ्या आजी-आजोबांची ही नात. हिला हे शिकवलं कोणी? तिला तर ती पाटी वाचताही येत नाही! तिनं फक्त रोज पाहिलं होतं: आपण लिफ्टनं, टोपल्या जिन्यानं. तेवढ्यावरून त्या इवल्याशा डोक्यानं माणसांची एक अख्खी जात बनवली, तिला आवड दिली, न दुखणारे पाय दिले. नियम आमच्या कमिटीचा, आणि पोरीला तो त्या माणसांचा स्वभाव वाटला.

दार उघडलं तर मावशी उंबऱ्याशी बसून गुडघा चोळत होत्या.

"दुखतो?" भाचीचे डोळे मोठे झाले.

"मंग! लाकडाचा हाय काय, बाय?"

"मग लिफ्टनं का नाही आलात?"

"तुमच्या पाटीला इचार." मावशी हसल्या, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता नाय जमत गो. पुढल्या खेपेला नाय येनार मी वर."

मी कंटोळी घेतली. मावशी उठल्या तसा भाचीनं त्यांचा हात धरला, लिफ्टपाशी नेलं आणि बटण दाबलं. मीही मागोमाग शिरले.

खाली वॉचमन धावत आला. "अरे मौसी, टोकरी लिफ्ट में नहीं! कमिटीवाले मुझे बोलेंगे."

"अंकल, इनके पैर भी दुखते हैं," भाची म्हणाली. नवा ग्रह सापडल्यासारखा तिचा चेहरा उजळला होता.

वॉचमन क्षणभर पाटीकडे बघत राहिला. "मेरे भी दुखते हैं, बेटा," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

इतक्या महिन्यांत रचलेली ती जात सहा मजले उतरेपर्यंत विरूनही गेली. मी अजून त्याच आश्चर्यात आहे.

पाटी मात्र जागेवर आहे. रविवारच्या मीटिंगमध्ये ती काढा म्हणून मी भांडणार आहे. तुम्ही मीटिंगची वाट बघू नका. आज घरी पोचलात की लिफ्टचं दार धरून ठेवा, आणि जिन्याकडे वळणाऱ्या माणसाला आत बोलवा.