चालेलबाईंचा पोपट

गल्लीत त्यांना सगळे चालेलबाई म्हणायचे. लोकांचे कपडे उसवून, बेतून, पुन्हा शिवून देणं हे त्यांचं काम. कुणी पँट घेऊन आलं आणि म्हणालं, "उद्या संध्याकाळी द्याल?" की ह्या म्हणायच्या, "चालेल." "उद्या सकाळी?" "चालेल." दोरा भलत्याच रंगाचा आणला तरी चालेल. अशा माणसाला लोक डोक्यावर घेतात की त्याच्या डोक्यावर बसतात, ते तुम्हीच ओळखा.

घरात थोरली बहीण. ताईंचं सगळं ठरलेलं. खिडकी बंद, रेडिओ बंद, पडदे राखाडी. आवाज म्हणून काय तो शिलाई मशीनचा, तोही ताई आडव्या झाल्या की थांबायचा. मग ताईंचे गुडघे धरले आणि त्यांचा मुलगा त्यांना उपचारासाठी आपल्याकडे घेऊन गेला. जाता जाता म्हणाला, "मावशी, एकटी कंटाळशील. तुझ्या स्वभावाला मानवेल असा एखादा पोपट आण." तो बोलून मोकळा झाला आणि बाई बसल्या डोकं धरून. पोपट कळला. पण स्वभाव?

तरी गेल्या पक्ष्यांच्या दुकानात. जमिनीपासून छतापर्यंत पिंजरे, सगळीकडे दाण्यांची टरफलं. पक्षीवाला स्टुलावर बसून एका पक्ष्याची नखं कापत होता.

"आधी तुमचं सांगा, मग पक्ष्याचं बघू," तो म्हणाला. "गोंगाट खपतो?"

"छे. डोकं उठतं."

"पसारा?"

"एक पीस जमिनीवर दिसता कामा नये."

"अंगाखांद्यावर खेळणारा हवा?"

"नको बाई. लांबूनच बरा."

"सकाळी उठता कधी?"

"उशिरा. तोवर कुणी हूं की चूं करायचं नाही."

पक्षीवाल्याने मान डोलावली आणि वरच्या पिंजऱ्यातला एक करडा, थोराड पोपट खाली उतरवला. "मग हाच. शांत आहे. फक्त मनाविरुद्ध झालं की चावतो." पोपटाने मान तिरकी करून बाईंना पायापासून डोक्यापर्यंत असं काही न्याहाळलं, की बाईंनी दाराशी जाऊन आपल्या चपला नीट जोडून ठेवल्या. चपला ठेवतानाच त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, ही तर आमची ताई," त्या म्हणाल्या. "मी सगळं तिचंच सांगितलं."

"बरं. मग आता तुमचं सांगा."

इथे घोडं अडलं. बाई पहाटे उठायच्या, पण स्वतःला आवडतं म्हणून की ताईंचा चहा व्हायला हवा म्हणून? गोंगाट आवडतो का, हे कळायला तो घरात कधी व्हायला तर हवा. "मला ना," त्या म्हणाल्या आणि एकेका पिंजऱ्याकडे बघत राहिल्या. "मला कुठलाही चालेल."

"कुठलाही नावाची जात नसते हो," पक्षीवाला म्हणाला.

तेवढ्यात बाहीला ओढ बसली. बाजूच्या पिंजऱ्यातल्या एका हिरव्या पोपटाने त्यांच्या बाहीचा सुटलेला दोरा चोचीत धरला होता आणि तो मन लावून बाही उसवत होता. बाई हसल्या. इतक्या मोठ्याने, की कोण हसलं म्हणून त्यांनीच मागे वळून पाहिलं.

"तो नका नेऊ," पक्षीवाला म्हणाला. "तोंडाचा पट्टा चालू असतो आणि घाण तर विचारू नका."

बाईंनी तोच नेला.

घराची पार रया गेली. बटणं कपाटाखाली, दोऱ्याची रिळं न्हाणीघरात, खिडकी सताड उघडी. बाईंना मजा वाटायची आणि लगेच ताई बघतायत की काय म्हणून त्या दाराकडे पाहायच्या. आपण पोपट आणला की आपलाच पोपट झाला, हे त्यांना काही केल्या उमगेना. त्यात तो बोलायला शिकला. दिवसभर कानावर पडेल तेच शिकणार ना? म्हणाला, "चालेल." हुबेहूब बाईंचा आवाज, शेवटी जरा दमलेला. गिऱ्हाइकं पोट धरून हसली. बाईंना हसू येईना. आपण असं बोलतो? इतकं पडेल?

एके दुपारी ताईंचा फोन आला. बाई मशीनवर झग्याची घडी टाचत होत्या. कोपराने बटण दाबून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. ओठांत टाचण्या धरलेल्या.

"मी रविवारी येतेय," ताई म्हणाल्या. "त्याआधी तो पक्षी देऊन टाक. मला ती पिसं सोसायची नाहीत. चालेल ना?"

बाई टाचण्या काढेपर्यंत पिंजऱ्यातून आवाज गेला, "चालेल."

"शहाणी गं माझी," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाईंनी एकेक टाचणी सुयांच्या उशीत खोचली. त्यांना रडू येत होतं आणि रागही, पण कुणाचा, ते कळत नव्हतं. तोंड मोकळं असतं तर आपण वेगळं काय बोललो असतो? पोपटाने चूक तरी काय केली? पोपट मात्र चोचीने दोऱ्याचं रीळ उलगडत होता. बाईंनी फोन लावला, तसाच स्पीकरवर.

"ताई, मघाशी ते मी नव्हते बोलले."

"मग कोण? आवाज तर तुझाच होता."

"आवाज माझा होता. बोलला पोपट. तू मला पुन्हा विचार."

इतक्या वर्षांत ताईंना कुणी पुन्हा विचारायला लावलं नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या. "पक्षी देऊन टाकायचा. चालेल?"

"चालेल," पोपट म्हणाला.

"त्याला चालत असेल," बाई म्हणाल्या. "मला नाही चालणार."